न फुटणारा टॉर्पेडो

डिसेंबर १९४१मध्ये जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले, तेव्हा अमेरिकेच्या पॅसिफिक आरमारातल्या अनेक मोठ्या युद्धनौका बंदरातच तळाला बसल्या. पाणबुड्या मात्र शाबूत राहिल्या. त्याच दिवशी त्यांना हुकूम सुटला: जपानचं दिसेल ते जहाज बुडवा. पाणबुड्या निघाल्या, जपानी जहाजं सापडलीही, नीट नेम धरून टॉर्पेडो सोडले गेले आणि अनेकदा काहीच झालं नाही. कधी टॉर्पेडो जहाजाच्या खालून निघून गेला, कधी वाटेतच फुटला, तर कधी जहाजाच्या अंगावर आपटला आणि तसाच तळाला गेला. हे जवळपास पावणेदोन वर्षं चाललं.

या टॉर्पेडोचं नाव मार्क १४. तो का फसला हे समजून घेतलं की टॉर्पेडो नावाची वस्तू मुळात चालते कशी, हेही आपोआप उलगडत जातं. म्हणून आजच्या अत्याधुनिक टॉर्पेडोपासून सुरुवात न करता मी या जुन्या, बदनाम टॉर्पेडोपासून करतो.

टॉर्पेडो म्हणजे माणूस नसलेली छोटी पाणबुडीच. तिला स्वतःचं इंजिन आहे, इंधन आहे, दिशा धरणारं यंत्र आहे, ठरावीक खोली राखणारं यंत्र आहे आणि पुढच्या टोकाला स्फोटक आहे. मार्क १४चा व्यास २१ इंच, लांबी साडेवीस फूट आणि वजन जवळजवळ दीड टन होतं. पाणबुडीच्या नळीतून दाबलेल्या हवेच्या झोताने तो बाहेर ढकलला जायचा आणि बाहेर पडता पडता त्याचं इंजिन सुरू व्हायचं.

टॉर्पेडोच्या अंगात सगळ्यात जास्त जागा खायची ती हवेची टाकी. पाण्याखाली इंधन जाळायचं तर हवा सोबत न्यावी लागते, म्हणून पोलादी टाकीत प्रचंड दाबाने हवा भरलेली असे. या हवेत अल्कोहोल जळायचं, त्या ज्वाळेवर पाण्याचा फवारा मारला जायचा, आणि तयार झालेल्या वाफेवर नि गरम वायूंवर टर्बाइन फिरायचं. टर्बाइनमुळे शेपटाकडचे दोन पंखे फिरायचे, तेही एकमेकांच्या उलट दिशेने. एकच पंखा असता तर त्याच्या पीळाने टॉर्पेडो स्वतःच्या अंगाभोवती गरगरला असता. दोन उलटे पंखे तो पीळ मारून टाकतात. वेगाच्या दोन पायऱ्या होत्या. ४६ नॉट, म्हणजे ताशी ८५ किलोमीटर, या वेगाने तो सुमारे ४,१०० मीटर जायचा. ३१ नॉटवर ठेवला तर त्याच्या दुप्पट. जळून उरलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर यायचे आणि समुद्रावर पांढरी रेघ उमटायची. दिवसाउजेडी शत्रूच्या जहाजावरच्या माणसाला ती रेघ दिसली तर त्याला सुकाणू वळवायला थोडा वेळ मिळायचा.

दिशा धरायचं काम जायरोस्कोपकडे. वेगाने फिरणारं चाक आपला अक्ष सहजी बदलू देत नाही. टॉर्पेडोचं तोंड वाट सोडून वळलं की चाकाच्या मानाने किती वळलं हे कळतं आणि सुकाणू ते दुरुस्त करतं. मार्क १४ला नळीतून सुटल्यावर ठरावीक कोनात वळून मग सरळ जा, असंही सांगता यायचं. तो कोन काढायला अमेरिकन पाणबुड्यांवर एक यांत्रिक गणकयंत्र बसवलेलं असे. ते दातेरी चाकांवर आणि मोटारींवर चालायचं आणि त्या काळात ते खरोखर अव्वल होतं. शत्रूच्या जहाजाचा वेग, दिशा आणि अंतर त्यात भरलं की ते सतत हिशेब करत राहायचं आणि नळीतल्या टॉर्पेडोचा जायरो परस्पर लावायचं.

हा हिशेब का लागतो? समजा, जहाज १,००० मीटरवर आहे आणि १२ नॉटने आडवं चाललं आहे. ४६ नॉटच्या टॉर्पेडोला तिथे पोहोचायला ४२ सेकंद लागतात. तेवढ्यात जहाज सुमारे २६० मीटर पुढे सरकलेलं असतं, म्हणजे आपल्या स्वतःच्या लांबीपेक्षाही जास्त. त्यामुळे टॉर्पेडो जहाजावर सोडून चालत नाही. जहाज ४२ सेकंदांनी जिथे असेल त्या रिकाम्या पाण्यावर सोडावा लागतो. वेगाचा अंदाज दोन नॉटनेही चुकला तरी नेम चाळीसएक मीटरने हुकतो. म्हणूनच एकाऐवजी तीन-चार टॉर्पेडो थोड्या थोड्या अंतराने सोडायची पद्धत होती.

आणि नेमकं इथेच पुढच्या अन्यायाचं मूळ आहे. नेम चुकायला इतकी कारणं असताना टॉर्पेडो फुटला नाही की वरिष्ठांनी कप्तानालाच विचारायचं: तुझा नेम चुकला नसेल कशावरून?

आता थोडं स्फोटाबद्दल. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोठ्या युद्धनौकांच्या कुशीला टॉर्पेडोपासून बचाव म्हणून जादा कप्पे आणि जाड पोलादाचे थर बसवायला सुरुवात झाली. जहाजाचा तळ मात्र तसा उघडाच राहिला. मग टॉर्पेडो कुशीवर आपटवण्याऐवजी तळाखाली काही फुटांवर फोडला तर? पाण्याखालच्या स्फोटात गरम वायूचा एक अवाढव्य बुडबुडा तयार होतो. तो फुगताना जहाजाचा मधला भाग वर उचलतो. मग तोच बुडबुडा आकसतो, जहाजाखालचा पाण्याचा आधार जातो आणि उचललेला भाग स्वतःच्या वजनाने खाली लचकतो. जहाजाचा कणा, म्हणजे ज्या मुख्य तुळईवर सगळा सांगाडा उभा असतो, तो या उचल-लचकीत मोडतो. यात बुडबुडा जास्त काम करतो, धक्का कमी. याचं सगळ्यात स्वच्छ चित्रण १४ जून १९९९ला झालं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापलीकडे ऑस्ट्रेलियन पाणबुडी फार्नकोम्बने अमेरिकन बनावटीचा मार्क ४८ टॉर्पेडो निवृत्त नौका टॉरेन्सच्या खाली फोडला. फोटोंत जहाजाचा मध्यभाग पाण्याच्या डोंगरावर उचललेला दिसतो, आणि काही वेळातच जहाज दोन तुकड्यांत बुडतं.

अमेरिकेला हेच १९२०च्या दशकात हवं होतं. ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्टजवळ गोट आयलंड नावाच्या बेटावर आरमाराचं टॉर्पेडो केंद्र होतं. तिथे एक चुंबकीय स्फोटयंत्र तयार झालं. पोलादी जहाज आजूबाजूच्या चुंबकीय क्षेत्रात बदल करतं. टॉर्पेडो जहाजाखाली आला की हा बदल ओळखून यंत्राने ठिणगी टाकायची. यालाच पुढे मार्क ६ म्हणू लागले. ते मार्क १४च्या पोटात बसलं. त्यातच जुन्या पद्धतीचा, आपटल्यावर फुटणारा खटकाही होता, म्हणजे एक फसलं तर दुसरं कामाला येईल.

या यंत्राची खरी चाचणी ८ मे १९२६ला झाली. एल-८ नावाची जुनी पाणबुडी लक्ष्य म्हणून ठेवली होती. पहिला टॉर्पेडो तिच्याखालून निघून गेला आणि फुटलाच नाही. दुसरा फुटला, पाणबुडी बुडाली. दोनात एक, एवढ्यावर समाधान मानलं गेलं. त्यानंतर युद्ध सुरू होईपर्यंत, म्हणजे १५ वर्षं, हे यंत्र खऱ्या स्फोटकासह खऱ्या जहाजावर पुन्हा कधीच वापरून पाहिलं नाही.

कारणं सगळी ओळखीचीच वाटतात. एका टॉर्पेडोची किंमत सुमारे १०,००० डॉलर आणि देशात महामंदी. चाचणीसाठी एक जुनी विनाशिका देण्याची तयारी आरमाराने दाखवली, पण ती बुडाली तर वर काढायचा खर्च आरमाराच्याच शस्त्र विभागाने द्यावा अशी अट घातली, आणि ते तिथेच बारगळलं. त्यात गुप्तता इतकी की ज्या पाणबुड्यांवर हे यंत्र बसवायचं, त्यांच्या अधिकाऱ्यांनासुद्धा त्याची धड माहिती दिली नव्हती. सराव व्हायचे, पण टॉर्पेडोच्या डोक्यात स्फोटकाऐवजी पाणी भरून. धाव संपली की ते पाणी बाहेर फेकलं जायचं, टॉर्पेडो तरंगायचा आणि उचलून परत आणला जायचा. पैसे वाचायचे, पण फुटतो की नाही हे कुणालाच कळायचं नाही. उत्पादनही कासवाच्या गतीने. १९३७मध्ये न्यूपोर्टला ३,००० कामगार तीन पाळ्यांत राबत असताना दिवसाला सरासरी दीड टॉर्पेडो बाहेर पडत होता. त्यात १० डिसेंबर १९४१ला जपानी विमानांनी फिलिपिन्समधल्या काविते तळावर बॉम्ब टाकले आणि साठ्यातले २३३ टॉर्पेडो जळून गेले. युद्धाच्या पहिल्या वर्षी कप्तानांना एकीकडे सांगितलं जात होतं, टॉर्पेडो जपून वापरा, आणि दुसरीकडे विचारलं जात होतं, जहाजं का बुडत नाहीत?

पहिली शंका उघड मांडणाऱ्यांत सार्गो पाणबुडीचे कप्तान टायरेल जेकब्स होते. १९४१च्या डिसेंबरात, पहिल्याच मोहिमेत, त्यांनी अगदी जवळून, गणित पुन्हा पुन्हा तपासून टॉर्पेडो सोडले. एकही लागला नाही. त्यांनी रेडिओवरून वरिष्ठांना सरळ कळवलं की हा टॉर्पेडो भरवशाचा नाही. वॉशिंग्टनमधल्या शस्त्र विभागाचं म्हणणं एकच: टॉर्पेडो ठीक आहे, वापरणारे चुकतात.

१९४२च्या मध्याला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पाणबुड्यांची सूत्रं रिअर अॅडमिरल चार्ल्स लॉकवूड यांच्याकडे आली. त्यांनी कागदी घोडे नाचवले नाहीत. अल्बनीजवळच्या फ्रेंचमन बे इथे त्यांनी मासेमारीचं एक मोठं जाळं आणवलं आणि पाण्यात उभं टांगलं. २० जूनला स्किपजॅक पाणबुडीने त्या जाळ्यावर टॉर्पेडो सोडला. यंत्रावर खोली लावली होती १० फूट. जाळ्याला भोक पडलं २५ फुटांवर. आणखी टॉर्पेडो सोडून पाहिले. ते लावलेल्या खोलीपेक्षा सरासरी ११ फूट खालून जात होते. जहाजाखालून आरामात निसटायला एवढं पुरेसं होतं.

शस्त्र विभागाने आधी उत्तर दिलं की तुमची चाचणीच नीट नव्हती. लॉकवूडनी पुन्हा जाळं टांगलं, पुन्हा तेच दिसलं. शेवटी १ ऑगस्ट १९४२ला विभागाने मान्य केलं: टॉर्पेडो खोल जातो. युद्धाचे आठ महिने उलटून गेल्यावर!

का जात होता खोल? खोली राखणारं यंत्र तसं साधं असतं. पाण्यात खाली जाल तसा दाब वाढतो. एका पडद्यावर बाहेरून पाण्याचा दाब आणि आतून स्प्रिंगचा जोर. दाब जास्त झाला की टॉर्पेडो खाली गेला असं समजून आडवं सुकाणू त्याला वर वळवतं; दाब कमी झाला की खाली. वरखाली हेलकावे नकोत म्हणून सोबत एक लंबकही असतो. आता या पडद्यापर्यंत दाब आणणारं छिद्र मार्क १४मध्ये शेपटाकडे होतं, जिथे अंग निमुळतं होत जातं. टॉर्पेडो ४६ नॉटने धावत असताना तिथून सुसाट वाहणाऱ्या पाण्याचा दाब, त्याच खोलीवरच्या शांत पाण्यापेक्षा कमी असतो. यंत्राला वाटायचं, आपण फार वर आलो. ते बिचारं टॉर्पेडोला आणखी खाली न्यायचं. त्यात खऱ्या युद्धातलं स्फोटकाचं डोकं सरावाच्या पाणी भरलेल्या डोक्यापेक्षा जड होतं, म्हणजे खाली जायला आणखी एक कारण.

मग न्यूपोर्टच्या सरावांत हे कुणाला दिसलं कसं नाही? सरावाच्या टॉर्पेडोत खोलीची नोंद ठेवणारं यंत्र असे, आणि तेही वाहत्या पाण्याच्या दाबाने तसंच फसत होतं. दोन्ही यंत्रं सारखीच चुकत होती, म्हणून दोघांचे आकडे तंतोतंत जुळत होते. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. मोजणारं यंत्र आणि ज्याची तपासणी करायची ते यंत्र एकाच तत्त्वावर चालत असेल, तर ताळा कितीही जुळला तरी त्याला काही अर्थ नाही. मासेमारीच्या जाळ्याला मात्र दाबाचं काही देणंघेणं नव्हतं. टॉर्पेडो जिथून गेला तिथे भोक पडलं.

खोली दुरुस्त झाल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण लगेच दुसरं दुखणं वर आलं. टॉर्पेडो आता बरोबर खोलीवरून जाऊ लागले, पण जहाजाजवळ पोहोचण्याआधीच फुटू लागले. कप्तानाला पेरिस्कोपमधून पाण्याचा उंच फवारा दिसायचा, तो आनंदाने नोंद करायचा, आणि फवारा खाली बसला की जहाज तसंच चाललेलं. याचं मोठं कारण पृथ्वी. चुंबकीय यंत्र न्यूपोर्टच्या आसपासच्या पाण्यात बेतलं गेलं होतं. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीत तीव्र उतारावर घुसतात. विषुववृत्ताकडे जाल तशा त्या रेषा आडव्या होत जातात, आणि लोखंडी जहाजाभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा आकारही बदलतो. लढाई चालली होती ती याच पट्ट्यात. न्यूपोर्टच्या पाण्यात जो बदल बरोबर जहाजाच्या तळाखाली जाणवायचा, तो इथे बऱ्याच अलीकडे जाणवायचा, नाहीतर जाणवायचाच नाही.

लॉकवूड आता पर्ल हार्बरला होते, पॅसिफिकमधल्या पाणबुड्यांचे प्रमुख म्हणून. त्यांच्या आग्रहावरून पॅसिफिक आरमाराचे प्रमुख अॅडमिरल निमित्झ यांनी २४ जून १९४३ला आपल्या हाताखालच्या पाणबुड्यांवरचं चुंबकीय यंत्र बंद करायचा हुकूम दिला. ऑस्ट्रेलियातल्या पाणबुड्या मात्र वेगळ्या कमांडखाली होत्या, आणि तिथले रिअर अॅडमिरल राल्फ क्रिस्टी यांनी तरुणपणी हेच यंत्र घडवण्यात भाग घेतला होता. त्यांनी ते आणखी कित्येक महिने चालू ठेवायला लावलं. आपण घडवलेल्या वस्तूवर माया असते, हे मी समजू शकतो. पण तिची किंमत समुद्रात दुसरी माणसं मोजत असतील तर ही माया क्षम्य नाही.

आता उरला आपटून फुटणारा साधा खटका. निदान तो तरी चालेल?

२४ जुलै १९४३. पॅसिफिकमधल्या ट्रुक बेटांच्या पश्चिमेला टिनोसा या पाणबुडीला तोनान मारू ३ हे जपानी जहाज एकटंच सापडलं. मुळात व्हेल माशांच्या शिकारीसाठी बांधलेलं, आता तेल वाहणारं, १९,००० टनांचं धूड. सोबतीला एकही संरक्षक नौका नाही. कप्तान डॅन डॅस्पिट यांनी सुरुवातीला सोडलेल्या टॉर्पेडोंपैकी दोन मागच्या बाजूला तिरके लागून फुटले आणि जहाज जागच्या जागी थांबलं. कप्तानाला याहून सोपं लक्ष्य मिळत नाही. डॅस्पिट जहाजाच्या बरोबर कुशीसमोर आले, काटकोन साधला आणि एकेक टॉर्पेडो सोडायला लागले. लागला, फुटला नाही. पुढचा. लागला, फुटला नाही. मध्येच त्यांनी टॉर्पेडो नळीतून मागे ओढून तपासून घेतले. सगळं जागच्या जागी. एकूण १५ टॉर्पेडो सोडले, त्यांतले ११ जहाजावर आपटूनही फुटले नाहीत. सोळावा त्यांनी सोडला नाही. तो पुरावा म्हणून जसाच्या तसा पर्ल हार्बरला आणला. तिथे उघडून पाहिला तर त्यात काहीही बिघाड नव्हता, आणि गोंधळ आणखीच वाढला.

मग चार्ल्स मॉम्सेन या अधिकाऱ्याने सुचवलं की खडकावर टॉर्पेडो सोडून बघू. हवाईतल्या काहोओलावे बेटाचे कडे सरळ पाण्यात उतरतात. ३१ ऑगस्टला मस्कलंज पाणबुडीने तिथे खरे, स्फोटक भरलेले टॉर्पेडो सोडले. पहिले दोन फुटले. तिसरा फुटला नाही. आता शेकडो किलो स्फोटक भरलेला, केव्हाही फुटू शकणारा तो टॉर्पेडो समुद्राच्या तळातून वर काढायचा होता. पाणबुड्ये खाली उतरले, त्याला दोर बांधला आणि तो वर काढला. या कामाला जे धैर्य लागलं असेल त्याची कल्पनाही करवत नाही. उघडल्यावर दिसलं की खटका सुटला होता, ठिणगी पाडणारी पिन सरकलीही होती, पण ठिणगी पडेल इतक्या जोराने ती आपटलीच नव्हती. पिनच्या मार्गदर्शक दांड्या वाकल्या होत्या.

खात्री करायला मग पाणबुडीतळावरच एक साधा प्रयोग झाला. टॉर्पेडोचं डोकं, आत स्फोटक नसलेलं पण खटका खरा असलेलं, क्रेनने ९० फुटांवर नेऊन खालच्या पोलादी पट्टीवर सोडलं. सरळ आपटल्यावर १०पैकी ७ वेळा पिन फसली. पट्टी तिरकी ठेवली तेव्हा फसण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं.

कारण पिनच्या रचनेत होतं. टॉर्पेडो ज्या दिशेने धावतो, त्या दिशेला पिन आडवी बसवली होती. टॉर्पेडो जहाजावर सरळ आपटला की क्षणात थांबतो, पण आतली प्रत्येक वस्तू वेगाच्या भरात पुढे ढकलली जाते. पिनही पुढच्या दांडीवर रेटली जाते, आणि त्याच क्षणी तिच्या स्प्रिंगने तिला आडवं सरकवायचं असतं. टेबलाचा खण एका बाजूने दाबून धरला आणि ओढायला गेलं तर तो जसा अडकतो, तसंच. जुन्या, कमी वेगाच्या टॉर्पेडोत हा रेटा कमी होता, म्हणून तोच खटका तिथे चालून जायचा. ४६ नॉटवर तो अडकायचा. सगळ्यात वाईट म्हणजे नेम जितका अचूक, आघात जितका काटकोनात, तितका टॉर्पेडो न फुटण्याचा संभव जास्त. ज्यांनी शिकवलं होतं तसंच केलं, त्यांचेच टॉर्पेडो फसले.

उपाय कळल्यावर काम दिवसांत झालं. समुद्रावरच्या पाणबुड्यांना तातडीचा निरोप गेला: तिरके मारा. पर्ल हार्बरच्या कारखान्यात हलक्या, मजबूत धातूच्या पिना घडवल्या गेल्या. वजन कमी म्हणून रेटा कमी, घर्षण कमी. पाडलेल्या जपानी विमानांच्या पंख्यांचा धातूही त्यासाठी वापरला, असं सांगतात. सप्टेंबर १९४३पासून नव्या पिनांचे टॉर्पेडो मोहिमेवर जाऊ लागले, आणि तिथून पुढचे आकडेच वेगळे आहेत. युद्ध संपलं तेव्हा बुडालेल्या जपानी जहाजांच्या टनाईपैकी निम्म्याहून जास्त अमेरिकन पाणबुड्यांनी बुडवलेली होती. त्यासाठी ५२ पाणबुड्या आणि साडेतीन हजारांवर माणसं गेली.

यांतली काही माणसं स्वतःच्याच टॉर्पेडोने गेली. जायरो किंवा सुकाणू अडकलं तर टॉर्पेडो गोल फिरतो आणि सोडणाऱ्याकडेच परत येतो. २४-२५ ऑक्टोबर १९४४च्या रात्री तैवानच्या सामुद्रधुनीत टँग या नामांकित पाणबुडीने आपला शेवटचा टॉर्पेडो सोडला. हा मार्क १८, विजेवर चालणारा, मागे बुडबुड्यांची रेघ न सोडणारा. तो पाण्यावर उसळला, वळला आणि टँगच्याच मागच्या भागावर येऊन फुटला. ७८ जण गेले. कप्तान रिचर्ड ओकेन धरून नऊ जण वाचले आणि जपान्यांच्या कैदेत पडले. या अपघातावरचा इलाज आज टॉर्पेडोच्या मेंदूतच असतो: सुटल्यापासून अमुक कोनापेक्षा जास्त वळलास तर स्वतःला निकामी कर.

मार्क १४ आंधळा होता. सांगितलेल्या रेषेवर जायचा, बस. पुढची पायरी म्हणजे टॉर्पेडोला कान देणं. १९४३च्या मे महिन्यात अटलांटिकवर मार्क २४ वापरात आला. नाविकांनी त्याचं नाव फिडो ठेवलं होतं. विमानातून पाण्यात टाकायचा, अंगावर चार बाजूंना चार जलध्वनिग्राहक. उजवीकडून पाणबुडीच्या पंख्याचा आवाज मोठा आला तर उजवीकडे वळ, खालून आला तर खाली. वेग अवघा १२ नॉट, पण बुडी मारलेली जर्मन पाणबुडी त्याहून हळू चालायची. आपलंच जहाज त्याने पकडू नये म्हणून तो ठरावीक खोलीच्या वर येत नसे. वैमानिकांना ताकीद होती की जर्मन पाणबुडी बुडी मारेपर्यंत तो टाकायचा नाही, म्हणजे हे काय आहे ते शत्रूला दिसणारच नाही.

आज अमेरिकन पाणबुड्यांवर जो जड टॉर्पेडो असतो तो मार्क ४८. १९७२मध्ये सेवेत आला, १९८८मध्ये त्याची मोठी सुधारणा झाली आणि तेव्हापासून त्याचा मेंदू वेळोवेळी बदलला जातो. व्यास तोच २१ इंच, कारण पाणबुड्यांच्या नळ्या त्याच मापाच्या राहिल्या. वजन सुमारे १,६७० किलो, स्फोटक सुमारे ३०० किलो. हवेची टाकी मात्र गेली. त्यात ऑटो फ्युएल नावाचं द्रव इंधन असतं, ज्याच्या रेणूतच जळायला लागणारा ऑक्सिजन असतो. बाहेरच्या हवेची गरज नाही, म्हणून तीच जागा जास्त इंधनाला मिळते. उघड्या पंख्यांऐवजी नळकांड्यात बसवलेला पंखा आहे. तो कमी आवाज करतो. आरमार त्याचा वेग फक्त २८ नॉटपेक्षा जास्त आणि पल्ला ८ किलोमीटरपेक्षा जास्त एवढाच जाहीर करतं. खरे आकडे त्याहून बरेच मोठे आहेत, हे सगळे धरून चालतात.

मार्क ४८च्या मागे एक बारीक तार असते. तिच्यावरून पाणबुडी त्याला सूचना देते आणि त्याला काय ऐकू येतं ते मागवते. ही तार दोन्हीकडून उलगडते, एक रीळ टॉर्पेडोत आणि एक पाणबुडीकडे. त्यामुळे दोघंही हलत असली तरी तार पाण्यात जिथल्या तिथे पडून राहते, कुणीच ती ओढत नाही आणि ती सहसा तुटत नाही. लक्ष्याजवळ गेल्यावर टॉर्पेडो स्वतःचा सोनार चालवतो, कधी नुसता ऐकतो, कधी स्वतः ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी घेतो, आणि शत्रूने फसवायला सोडलेले खोटे आवाज खऱ्या जहाजापासून वेगळे काढायचा प्रयत्न करतो. तार तुटली तरी तो स्वतःच्या अकलेने शोध चालू ठेवतो.

अमेरिकन विनाशिकांवरचे टॉर्पेडो आकाराने लहान असतात आणि मुख्यतः पाणबुड्यांसाठी असतात. व्यास १२.७५ इंच, वजन साधारण २३० ते २७५ किलो. मार्क ४६ जुना, मार्क ५४ २००४पासूनचा. मार्क ५४मध्ये एका टॉर्पेडोचा सोनार आणि दुसऱ्याचं इंजिन एकत्र केलेलं आहे, खर्च वाचवायला. विनाशिकेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन नळ्यांचा जुडगा असतो. तिथून सोडायचा, हेलिकॉप्टरमधून टाकायचा, किंवा रॉकेटच्या टोकावर बसवून काही किलोमीटर लांब फेकायचा आणि पॅराशूटने पाण्यात उतरवायचा. स्फोटक जेमतेम ४४ किलो. खोल पाण्यात पाणबुडीच्या अंगावर आधीच प्रचंड दाब असतो, त्यामुळे एक भोकही पुरतं. हा टॉर्पेडो आपल्या ओळखीचा आहे: भारतीय आरमाराने पाणबुड्या शोधणाऱ्या पी-८आय विमानांसाठी मार्क ५४ अमेरिकेकडून घेतले, आणि या विमानांचं दुसरं स्क्वाड्रन मार्च २०२२पासून गोव्यात दाभोळीच्या आयएनएस हंसा तळावर आहे.

चाचण्यांची पद्धत आता पार बदलली आहे. मार्क ४८ वॉशिंग्टन राज्यातल्या कीपोर्टच्या पाण्यात वर्षभर सोडले जातात. स्फोटकाच्या जागी मोजमापाची यंत्रं बसवलेली असतात आणि समुद्रतळावरची वेगळी ध्वनियंत्रं टॉर्पेडो प्रत्येक क्षणी कुठे आहे याची स्वतंत्र नोंद घेत असतात. धाव संपली की नौका टॉर्पेडो उचलते, खारं पाणी धुऊन टाकते, इंधन पुन्हा भरते आणि काही काळाने तोच टॉर्पेडो पुन्हा नळीत जातो. शिवाय अधूनमधून निवृत्त जहाज समुद्रात ओढून नेतात आणि त्याच्यावर खरं स्फोटक भरलेला टॉर्पेडो सोडतात. टॉरेन्स अशाच चाचणीत बुडाली.